हॉटेलातलं रजिस्टर, आरोग्य सेतू आणि आहेराची वही

ऑक्टोबर २०२० आठवतोय? सहा-सात महिने बंद असलेली हॉटेलं ५ तारखेपासून निम्म्या क्षमतेने उघडली आणि जळगावात आम्ही चार मित्र पहिल्याच आठवड्यात शेवभाजी खायला गेलो. दारात सॅनिटायझर, कपाळावर थर्मामीटरची बंदूक, आणि काउंटरवर एक जाडजूड रजिस्टर, दोरीला बांधलेल्या पेनासकट. नाव, मोबाईल, गाव, वेळ, सही. हॉटेलवाल्याने स्वतःच्या मनाने काढलेली टूम नव्हती ती. गिऱ्हाईकाची माहिती आरोग्य यंत्रणेला देण्यासाठी त्याची संमती घ्यावी, असं राज्य सरकारच्या नियमावलीतच होतं. कोणी पॉझिटिव्ह निघालं तर त्या वेळी तिथे आणखी कोण बसलं होतं हे शोधता यावं, हा हेतू. यालाच कॉन्टॅक्ट ट्रेसिंग म्हणतात.

आमच्या वरच्या ओळीत नाव होतं 'बाहुबली' आणि गाव 'माहिष्मती'. त्याच्या वर एक मोबाईल नंबर नऊच आकडी. माझ्या मित्राने शेवटचा आकडा मुद्दाम बदलून लिहिला. मी भोळा, खरा नंबर लिहिला, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला तो आरामात वाचता आला. मलाही वरच्या वीस जणांचे नंबर दिसतच होते की.

हे आज पुन्हा काढण्याचं कारण म्हणजे डेटा संरक्षणाचा नवा कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातली मुख्य बंधनं दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. पुढची साथ येईल तेव्हा दारावरचं रजिस्टर किंवा क्यूआर कोड याच कायद्याखाली असेल, असं आपल्याला वाटतं. खरंच असेल का, ते पुढे बघू. आधी मागच्या वेळी आपल्याकडे काय झालं ते.

खान्देशातलं सगळ्यात खरं रजिस्टर

आपल्याकडे लग्नात मांडवाच्या कडेला एक जण वही घेऊन बसलेला असतो. आहेराची वही. नाव, वडिलांचं नाव, गाव, रक्कम. ही वही कधी खोटी नसते. उलट लिहिणाऱ्याने गाव चुकवलं तर आलेला पाहुणा थांबून दुरुस्त करून घेतो, "भो, एरंडोल नाही, धरणगाव लिही." का? कारण उद्या त्याच्या घरी कार्य निघेल तेव्हा हीच वही उघडली जाणार आहे. नाव बरोबर असण्यात त्याचा फायदा आहे, आणि वही कोणाच्या कपाटात राहणार हेही त्याला माहीत आहे.

आता हॉटेलच्या रजिस्टरमध्ये खरा नंबर लिहून २०२० मध्ये काय मिळणार होतं? नशीब चांगलं असेल तर काहीच नाही. नाहीतर एक फोन, मग दारात ॲम्ब्युलन्स, मग चौदा दिवस क्वारंटाईन सेंटर, घराला लावलेले पत्रे, आणि गल्लीभर चर्चा. मार्च २०२० मध्ये तर महाराष्ट्रात होम क्वारंटाईनच्या लोकांच्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्के मारले जात होते. त्याच महिन्यात शेजारच्या कर्नाटक सरकारने परदेशातून आलेल्या हजारो लोकांचे पत्ते जाहीर करून टाकले आणि ते व्हॉट्सॲपवर फिरले. हे सगळं बघितलेला माणूस 'बाहुबली' लिहितो, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. लोक बेजबाबदार होते असं म्हणून विषय संपवता येतो, पण तीच माणसं आहेराच्या वहीत खरं लिहितात, त्याचं काय?

आरोग्य सेतू नेमकं काय करत होतं

कागदाचा हा घोळ टाळायला मोबाईल होता. केंद्र सरकारचं आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं आणि सहा आठवड्यांच्या आत १० कोटींवर गेलं. १ मेच्या आदेशाने सरकारी आणि खासगी कर्मचाऱ्यांना ते सक्तीचं झालं, १७ मेला ती सक्ती 'शक्यतो प्रयत्न करा' इतकी सैल झाली. सोर्स कोड २६ मेला खुला झाला. महाराष्ट्राचं महाकवच हे वेगळं ॲपही होतं, त्यात क्वारंटाईनमधल्या माणसाने सेल्फी काढून हजेरी द्यायची.

आरोग्य सेतूची कल्पना सोपी होती. तुमच्या आणि माझ्या फोनमध्ये ॲप आहे, दोघांचं ब्लूटूथ चालू आहे, आपण जवळ आलो की दोन्ही फोन एकमेकांना आपापला सांकेतिक क्रमांक देतात. सोबत जीपीएसने जागाही नोंदली जाते. ही नोंद फोनमध्येच राहते. पुढे मी पॉझिटिव्ह आलो की प्रयोगशाळेने आयसीएमआरच्या यादीत टाकलेल्या माझ्या मोबाईल नंबरवरून सर्व्हरला कळतं, माझ्या फोनमधली यादी वर जाते आणि तुम्हाला इशारा येतो.

आता ही साखळी जळगाव-धुळ्याला लावून बघा. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्हा ४२ लाखांचा, धुळे साडेवीस लाखांचा. समजा दहातल्या चार जणांनी ॲप घेतलं. ऐकायला चांगलं वाटतं, पण भेट नोंदली जायला दोघांकडे ॲप लागतं. चाळीस टक्के गुणिले चाळीस टक्के, म्हणजे सोळा. शंभर भेटींतल्या ८४ ॲपला दिसणारच नाहीत. त्यातून बॅटरी उतरते म्हणून ब्लूटूथ बंद ठेवणारे वजा करा.

उरलेल्या सोळांमध्येही ब्लूटूथ अंतर मोजत नाही, फक्त सिग्नल किती जोरात येतोय ते मोजतो. फोन मागच्या खिशात असेल तर अंग सिग्नल अडवतं, एसटीच्या पत्र्यावरून तो उलटा उसळतो. शेजारी बसलेला लांब वाटतो आणि चार सीट मागचा जवळ.

सगळ्यात मोठी भानगड मात्र मोबाईल नंबरची. यावर फार कमी बोललं गेलं. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातलं एखादं घर घ्या. स्मार्टफोन एकच, तो मुलाकडे, आणि मुलगा सुरतेला कामाला. आईचा स्वॅब घेतला तेव्हा फॉर्मवर नंबर कोणाचा दिला? मुलाचा, पुतण्याचा, कधी गावातल्या ओळखीच्या माणसाचा. सर्व्हरच्या लेखी मग तो नंबर पॉझिटिव्ह. आई ज्यांच्यासोबत निंदणीला गेली, त्या बायकांपैकी कोणालाच इशारा नाही. साध्या फोनसाठी १९२१ ही मिस्ड कॉलची सोय मे २०२० मध्ये सुरू झाली, जिओफोनसाठीही ॲप आलं. पण साध्या फोनमध्ये ब्लूटूथवरून गाठीभेटी नोंदवणारं काही नव्हतंच. तुम्हाला खोकला आहे का, एवढंच ते विचारू शकत होतं. ॲप एक माणूस, एक फोन, एक नंबर असं धरून चाललं होतं. आपल्याकडे घर एक, फोन एक, आणि नंबर भाच्याच्या नावावर.

रविवारचं लग्न, पुढच्या रविवारचा फोन

ॲप हवं होतं ते वेगासाठी, आणि ती गरज खोटी नव्हती. मार्च २०२० च्या शेवटी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 'सायन्स' मासिकात हेच मांडलं होतं की हा विषाणू हाताने केलेल्या शोधापेक्षा जोरात पळतो.

एक उदाहरण घेऊ. रविवारी अमळनेरला लग्न आहे. एका पाहुण्याला लागण झालेली आहे, पण ताप अजून नाही. मंगळवारी ताप येतो. तो गावातल्या डॉक्टरकडून दोन दिवसांच्या गोळ्या घेतो. गुरुवारी स्वॅब. पहिल्या काही आठवड्यांत जळगावचे नमुने धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात जायचे, कारण जळगावात प्रयोगशाळाच नव्हती. शनिवारी रिपोर्ट. पुढच्या रविवारी पथक लग्नघरी येऊन विचारतं, कोण कोण होतं? आहेराची वही निघते, नावं खरी, गावं खरी. पण मांडवात ज्यांना लागण झाली ते बुधवार-गुरुवारपासूनच पुढे वाटायला लागलेले असतात. यादी अचूक असूनही तीन दिवस उशीर.

आणि आमच्याकडे उशीर तीन दिवसांचा नव्हता. मे-जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यातला मृत्युदर दहा टक्क्यांच्या पुढे गेला होता, देशाचा तीन टक्क्यांच्या आसपास असताना. रुग्ण फार उशिरा, श्वास लागल्यावरच दवाखान्यात येतात, असं प्रशासन तेव्हा सांगत होतं. ते खरंही होतं. पण उशिरा का येत होते?

जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून, म्हणजे आपल्या 'सिव्हिल'मधून, कोरोना झालेल्या ८२ वर्षांच्या एक आजी बेपत्ता झाल्या. घरचे शोधत होते, पोलिसांत तक्रार झाली. बेपत्ता झाल्यावर आठ दिवसांनी, १० जूनला, त्यांचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, पुढे जिल्हाधिकारीही बदलले. त्या आठवड्यात देशातल्या दहा कोटींहून जास्त फोनमध्ये जवळून कोण गेलं ते टिपणारं ॲप होतं.

हे वाक्य टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. कॉन्टॅक्ट ट्रेसिंग म्हणजे नुसतं शोधणं नसतं. शोधल्यावर माणसाला कुठे नेणार, हा त्याचाच भाग असतो. ती जागा भीतीची असेल तर लोक तापही लपवतात आणि सोबत कोण होतं तेही. ब्लूटूथ कितीही भारी असला तरी घाबरून स्वॅबच न दिलेल्या माणसाचा इशारा कोणालाच जात नाही.

मग शोध घेतला कोणी?

आशाताईंनी. अंगणवाडी सेविकांनी, शिक्षकांनी, तलाठ्यांनी, चेकपोस्टवर उभ्या पोलिसांनी. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथकं घरोघरी गेली, ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर घेऊन. दिवसाला पन्नासेक घरं. कोणत्या घरातली आई कोणाच्या शेतात कामाला जाते आणि कोणाचा पोरगा परवा सुरतेहून आलाय, हे आशाताईला सांगायला कोणत्याही सर्व्हरची गरज नव्हती. आणि दारात ती आली तर लोक निदान बोलायचे, कारण त्यांच्या घरच्या बाळंतपणाला तीच सोबत आलेली असायची.

या कामाचा केंद्राकडून मिळणारा भत्ता होता महिन्याला १,००० रुपये. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या तेव्हा कुठे त्यात थोडी भर पडली. तेवढ्या पैशात आपण फोनला कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास घेतो.

नाव न घेता हजेरी कशी लागते

म्हणजे तंत्रज्ञान टाकाऊ का? अजिबात नाही. फक्त यादी कोणाकडे राहते, ते बघायचं.

इंग्लंड आणि वेल्सने २४ सप्टेंबर २०२० ला काढलेल्या ॲपमध्ये हॉटेलच्या दारावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की 'अमुक ठिकाण, अमुक वेळ' एवढं फक्त तुमच्या फोनमध्ये लिहिलं जायचं. हॉटेलमालकाकडे नाही, सरकारकडेही नाही. त्या जागी प्रादुर्भाव झाला तर सरकार सगळ्यांच्या फोनना धोक्याच्या जागा आणि वेळांची एक यादी पाठवायचं. तुमचा फोन आपली डायरी उघडून ती यादी पडताळायचा, जुळलं तर तुम्हाला सांगायचा. २१ दिवसांनी जुनी पानं आपोआप पुसली जायची. चावडीवर फळा लावावा तसं हे. 'शनिवारी दुपारी एक ते तीन अमुक खाणावळीत जेवलेल्यांनी तपासणी करून घ्यावी.' फळा सगळ्यांसाठी, पण तिथे कोण जेवलं ते ज्याचं त्यालाच माहीत.

केरळने तर हे ॲपशिवाय केलं. मार्च २०२० मध्ये पथनमथिट्टा जिल्हा प्रशासनाने इटलीहून आलेल्या कुटुंबाचा प्रवास नकाशासारखा छापला. कुठलं दुकान, किती वाजता, किती वेळ. नावं नाहीत, फक्त एक फोन नंबर, 'तुम्ही तिथे असाल तर कळवा'. लोकांनी स्वतःहून फोन केले.

इंग्लंडच्या पद्धतीतही खोट होतीच. कोट्यवधी चेक-इन झाले, पण सुरुवातीच्या काळात धोक्याच्या जागांचे इशारे मोजकेच गेले, कारण ते पाठवायचं काम शेवटी माणसांचं होतं आणि त्या माणसांपर्यंत कागदच पोहोचत नव्हते. म्हणजे दोरीचं पेन असो की क्यूआर, पुढे फोन करणारा नसेल तर दोन्ही सारखेच.

उलट उदाहरण सिंगापूरचं. तिथे दारावरचं चेक-इन आणि ट्रेसटुगेदर ॲप सक्तीसारखंच होतं, आणि माहिती फक्त साथीसाठी वापरू असं सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत उघड झालं की पोलिसांनाही ती मागता येते आणि एका खुनाच्या तपासात मागितली गेली होती. गदारोळ झाला, आणि महिन्याभरात सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरतीच ती वापरता येईल असा कायदा करावा लागला. जर्मनीत माइन्झ शहरात पोलिसांनी लुका या चेक-इन ॲपमधून एका मृत्यूच्या तपासासाठी हॉटेलातल्या गिऱ्हाईकांची माहिती काढली, हे जानेवारी २०२२ मध्ये बाहेर आलं. खुनाचा तपास व्हावा हे कोणीही म्हणेल. पण पुढच्या वेळी दारावर खरा नंबर किती जण लिहितील?

आणि आता आपला कायदा

नव्या कायद्याचा मुख्य नियम चांगला आहे. माहिती घ्यायची तर संमती घ्या, कारण सांगा, काम झालं की पुसा. पण कलम ७ मध्ये काही 'वैध वापर' दिलेत, जिथे संमती लागत नाही. साथीच्या काळात उपचार किंवा आरोग्यसेवा देण्यासाठीच्या उपाययोजना त्यात आहेत, आपत्तीही आहे. हे मला पटतं. बेशुद्ध माणसाकडून संमती कशी घेणार? खुपतं ते कलम १७. काम संपलं की माहिती पुसून टाका, हे कलम ८ मधलं बंधन सरकारी यंत्रणांना लागू नाही, असं १७ (४) सांगतं. म्हणजे साथीत न विचारता घेता येईल, आणि साथ संपल्यावर पुसायला हा कायदा सांगणार नाही. यात आरोग्य सेतूच्या वेळची परिस्थिती बरी म्हणायची. त्याच्या ११ मे २०२० च्या नियमावलीत, दुबळी का होईना, मुदत होती. ट्रेसिंगची सोय बंद केली आणि जमलेला डेटा पुसला, असं सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभेत सांगितलं. त्याच वर्षी जूनमध्ये एका टेलिग्राम बॉटवर मोबाईल नंबर टाकला की लस घेताना दिलेली माहिती समोर येत होती. कोविन थेट फुटलेलं नाही असं सरकारचं म्हणणं होतं, पण लोकांचे तपशील फिरले ते फिरलेच. पुसलेला डेटा फुटत नाही, म्हणून मुदत महत्त्वाची.

आणि दोरीच्या पेनाचं रजिस्टर? हा कायदा फक्त डिजिटल माहितीला आणि कागदावरून डिजिटल केलेल्या माहितीला लागू आहे. कागदावर लिहून कागदावरच राहिलेलं तुमचं नाव त्याच्या कक्षेतच येत नाही. मी मागच्या महिन्यात त्या हॉटेलात सहज विचारलं, ते २०२० चं रजिस्टर कुठे असेल हो? मालक हसले. "रद्दीत गेलं भाऊ. भज्यांच्या पुड्या बांधून झाल्या असतील."

तुमच्या फोनमधलं बघायचं असेल तर ते निदान जमण्यासारखं आहे. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आरोग्य सेतू अजून पडून आहे. आता ते आभा आरोग्य खात्याचं वगैरे काम करणारं ॲप झालंय. नको असेल तर नुसतं अनइन्स्टॉल करू नका, त्याने खातं जात नाही. आधी ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन खातं डिलीट करा, मग ॲप काढा. मी मामांच्या फोनवर हे करायला बसलो. ओटीपी काही येईना. अर्ध्या तासाने लक्षात आलं, २०२० मध्ये त्यांनी नंबर टाकला होता तो सुरतेच्या आतेभावाचा. त्याची शिफ्ट रात्री दहाला सुटते, मग ओटीपी मिळाला.